चौथ्या मजल्यावरचा समुद्र

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या 'सभासदांचे छंद' या मालिकेतील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून वक्त्यांनी थोडेफार नीटनेटके करून दिले आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "तुमच्या फिशटँकवर वीस मिनिटं बोला. मासे, रंग, निसर्ग वगैरे." मी होकार दिला. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, की या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना माझे मासे माहीतच नाहीत. त्यांना माहीत आहे ते माझं पाणी. ४०३ मधून ३०३ मध्ये गेलेलं. तेव्हा आज मी माशांवर थोडं आणि नळांवर जास्त बोलणार आहे. ३०३ मधल्या काकू पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणजे माझ्याकडून काही चुकीचं सांगितलं गेलं तर दुरुस्ती लगेच होईल.

मी नोकरीने हिशेबनीस. आयुष्यभर जमा आणि खर्च जुळवत आलो. मालवणला एकदा काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळं पाहिली आणि डोक्यात किडा शिरला. समुद्रातल्या खडकाचा एक तुकडा घरात असावा, असं काहीतरी. पुष्कळांना वाटतं प्रवाळ म्हणजे लक्षद्वीप, अंदमान. तसं नाही. आपल्या मालवणला आहेत, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँकेवर आहेत, आणि मुंबईत वरळी, हाजी अलीच्या खडकांवरसुद्धा आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामात तिथली प्रवाळं २०२० साली रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवली, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. दगडी प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. २००१ पासून ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसली आहेत. समुद्रातून ती तोडून आणणं, विकणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. समुद्रातला प्रवाळाचा खडक उचलून आणणंसुद्धा त्यातच आलं. माझ्या टाकीतला दगड भट्टीत भाजलेला, सिरॅमिकचा आहे. त्यावर मशरूम आणि झोअँथिड या जातीचे मऊ जीव आहेत, पावतीसकट घेतलेले. क्लाउनफिशची जोडी हॅचरीत जन्मलेली आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र आपल्या देशात केव्हाच बसवलंय, तेव्हा समुद्रातून धरलेला मासा घेण्याचं कारणच उरलेलं नाही.

आता नळांकडे वळू.

तुम्हाला ही रचना समजायला काहीच अडचण नाही, कारण आपण सगळे अशाच एका रचनेच्या आत राहतो. तळाला जमिनीखालची टाकी, गच्चीवर वरची टाकी, मध्ये पंप. माझ्याकडे दिवाणखान्यात काचेची टाकी आहे, ती वरची. तिच्याखालच्या कपाटात दुसरी काचेची टाकी आहे, तिला आम्हीही सम्पच म्हणतो. फरक एवढाच, की आपलं वरच्या टाकीतलं पाणी वापरून संपतं. माझं पाणी चोवीस तास वरून खाली उतरतं आणि पंपाने पुन्हा वर जातं. खाली उतरताना ते गाळलं जातं. गाळणीची सगळी यंत्रं खालच्या कपाटात, म्हणून वर फक्त मासे दिसतात.

माझी वरची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ५० उंच. काठोकाठ भरली तर ३६० लिटर. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता ३१० च्या आसपास. खालचा सम्प ९० बाय ४५ बाय ४०. पंप चालू असताना त्यात २२ सेंटिमीटर पाणी असतं, म्हणजे सुमारे ९० लिटर. वर १८ सेंटिमीटर जागा रिकामी, म्हणजे ७३ लिटर. हे आकडे लक्षात ठेवा. विशेषतः हा ७३.

२०१५ च्या नोव्हेंबरात टाकी सुरू केली तेव्हा हे सगळे आकडे माझ्याकडे होते. फक्त एक बेरीज मी केली नव्हती. हिशेबनिसाने!

त्याआधी पाणी खाली कसं उतरतं ते बघू. टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला दात्यांची कड असते. पाणी त्या कडेवरून एका उभ्या खोक्यात सांडतं आणि खोक्यातून नळांनी खाली जातं. नळ बसवायला काचेला भोकं लागतात. ती टाकी घेतानाच पाडून घ्यायची, आणि ती काच टफन्ड नाही याची आधी खात्री करायची, कारण टफन्ड काचेला ड्रिल लावलं तर भोक पडत नाही, काचेचा चुरा होतो.

खाली उतरायला नळ किती असावेत? मी पहिल्यांदा एकच ठेवला होता. आपल्या गच्चीवर पावसाचं पाणी उतरायचे चार पाइप आहेत. २६ जुलै २००५ ला त्यातले तीन पाला आणि कबुतरांच्या पिसांनी तुंबलेले होते, आणि पाणी जिन्यावरून माझ्या दारापर्यंत आलं होतं. ज्यांनी त्या रात्री माझ्याबरोबर बादल्या उपसल्या, ते इथे बसलेत. ते बघूनही मी घरात एकच नळ ठेवला. आता तीन आहेत. पहिला नळ पूर्ण भरून वाहतो. त्यात हवा नसते म्हणून आवाजही नसतो. पहिले काही महिने माझ्या दिवाणखान्यात सतत फ्लश सोडल्यासारखा आवाज यायचा तो या अडाणीपणामुळे. या नळावर खाली एक गेट व्हॉल्व्ह आहे, गोल फिरवायचा. बॉल व्हॉल्व्ह नको, त्याने बारीक जुळवणी होत नाही. दुसऱ्या नळाचं तोंड थोडं वर, त्यातून करंगळीएवढी धार जाते. कमीजास्त झालेलं तो सांभाळून घेतो. तिसरा सगळ्यात उंच आणि कायम कोरडा. पहिल्यात गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा अडकला, तर पाणी चढून तिसऱ्यातून जातं. त्याचा धडधड आवाज होतो आणि घरातल्यांना कळतं. आपत्कालीन नळ मुद्दाम आवाज करणारा असावा, हे मला फार आवडलेलं आहे.

आमच्या नेहमीच्या प्लंबरने या कामात मनापासून मदत केली. पण दोन गोष्टींवर आमचं भांडण झालं. पहिली म्हणजे पितळ. तो म्हणे, "साहेब, प्लास्टिकचा व्हॉल्व्ह कशाला, पितळेचा लावतो, आयुष्यभर बघायला नको." पितळेत तांबं असतं, आणि तांबं थोडंसं जरी पाण्यात उतरलं तरी प्रवाळ, शंख, कोळंबी यांना ते विष. सगळं यूपीव्हीसीच हवं. आटे पाडलेल्या फिटिंगच्या आतसुद्धा पितळेची चकती असते, ती उलटी करून बघायची. लोखंडी आणि स्टीलची जुबली क्लिपही नको. खाऱ्या हवेत ती गंजते. (आपल्या ज्युबिलीशी तिचा काही संबंध नाही.) दुसरं भांडण कोपऱ्यांवरून. जागा वाचवायला तो काटकोनी एल्बो टाकत होता. प्रत्येक काटकोनाला पाण्याचा जोर मोडतो. जमेल तिथे ४५ अंशाचे दोन एल्बो लावले. आणि पंपाच्या पुढे युनियन लावली, म्हणजे पंप धुवायला काढताना नळ कापावा लागत नाही. सोल्युशन लावल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही आणि पहिली चाचणी साध्या पाण्याने करायची. या दोन्ही गोष्टी तो मला सांगत होता आणि मी घाई करत होतो, हेही कबूल करतो.

पंप घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. माझ्या पंपावर ताशी ३,००० लिटर लिहिलेलं होतं. तो आकडा पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा. सव्वा-दीड मीटर उंची आणि चार वळणं आली की तो जवळजवळ निम्म्यावर येतो. मी नळाचं तोंड वीस लिटरच्या बादलीत धरून घड्याळ लावलं. बादली भरायला ४५ सेकंद लागले. म्हणजे ताशी १,६०० लिटर. टाकीचं पाणी तासाला पाच वेळा सम्पमधून फिरतं. तेवढं पुरे. टाकीत लाटा उठवायला वेगळे छोटे पंखे असतात, वेव्हमेकर. ते काम वर नेणाऱ्या पंपाकडून करून घ्यायचं नाही.

आता ती रात्र.

मे २०१६, शनिवार. आम्ही सगळे साताऱ्याला लग्नाला गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास इथली वीज गेली. पंप थांबला. पंप थांबला की काय होतं? दात्यांवरून जेवढं सांडायचं तेवढं पाणी खाली येतं. ते ठरलेलंच, त्याची सोय होती. पण पंपाच्या नळाचं वरचं तोंड मी पाण्याच्या पातळीखाली वीस सेंटिमीटरवर ठेवलं होतं, प्रवाह छान खोल जावा म्हणून. पंप बंद झाल्यावर तोच नळ उलटा चालायला लागला. टाकीतून डिझेल काढताना नळी तोंडाने ओढून सोडतात, तसं. नळाचं तोंड उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत हे थांबत नाही.

माझ्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ७.२ लिटर. वीस सेंटिमीटर म्हणजे १४४ लिटर. खोक्यातले आणि नळातले दहा धरा. आले १५४. सम्पमध्ये जागा किती? ७३. उरले ८१. मी न केलेली बेरीज ही.

तुम्ही म्हणाल, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता का? होता. त्याच्या भरवशावरच तर मी झोपत होतो. त्याच्या झडपेत मुगाच्या दाण्याएवढी एक गोगलगाय जाऊन बसली होती. खाऱ्या पाण्यात झडपेवर चुन्यासारखा थर चढतो, वाळूचा कण अडकतो, गोगलगाय बसते. आज ना उद्या ती झडप पूर्ण मिटत नाही.

रात्री साडेबाराला काकूंचा फोन आला. त्यांचे शब्द मला तसेच आठवतात. "अरे, वरून पाणी येतंय. आणि ते खारट आहे." काकूंनी चव घेऊन बघितली होती. कोणत्याही प्लंबरपेक्षा अचूक निदान. पण माझ्या घराची किल्ली बिल्डिंगमध्ये कोणाकडेच नव्हती. त्यामुळे सगळे दारापर्यंत आले आणि दारापुढे उभे राहिले. तीनच्या सुमारास वीज आली. पंपाने सम्पमध्ये उरलेलं पाणी वर चढवलं, वरची टाकी भरायच्या आत सम्प कोरडा पडला, आणि पंप कोरडा फिरून जळाला. आम्ही पहाटे पोहोचलो तेव्हा क्लाउनफिश तेवढे जिवंत होते. बाकीचे तीन मासे गेले. पाण्याच्या आधी ऑक्सिजन संपतो, हे मी तेव्हा शिकलो.

८१ लिटरपैकी काही फरशीवर राहिलं, बाकीचं खाली गेलं. काकूंच्या पुढच्या खोलीचं छत, भिंत, कपाट. मी रंग काढून दिला, कपाट पॉलिश करून दिलं, पाया पडलो. काकू म्हणाल्या, "होतं रे." मला वाटलं, खातं बंद झालं.

मग गणपती आले. दरवर्षीप्रमाणे आरतीला काकूंनी काकांची पेटी खाली आणली. काका गेल्यापासून ती वर्षातून तेवढे दहा दिवसच उघडते. ती त्याच कपाटावर ठेवलेली असते. वरून कोरडी, पुसलेली, काही झालंय असं वाटतही नव्हतं. काकूंनी भाता मारला आणि मधल्या सप्तकातले दोन सूर वाजलेच नाहीत. पेटीच्या आतल्या पट्ट्या पितळेच्या असतात. साधं पाणी वाळून गेलं असतं. मीठ वाळत नाही. ते चार महिने आत बसून आपलं काम करत होतं. काकू काही बोलल्या नाहीत. ते दोन सूर सोडून त्यांनी आरती वाजवली. मी टाळ्या वाजवत उभा होतो, त्या टाळ्या कशा वाजवल्या ते माझं मला माहीत.

पेटी दादरच्या एका कारागिराकडे नेली. त्याने पट्ट्या बदलून दिल्या. सूर लागतात, पण नव्या पट्टीचा आवाज जुन्याशी मिसळत नाही. काकू म्हणतात, "कोमल गांधार अजून खारट वाजतो." त्या हसून म्हणतात. मी मात्र हे वाक्य माझ्या नावे लिहून ठेवलं आहे.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत माझी टाकी विषयपत्रिकेवर आली. काही सभासद म्हणाले, काढून टाका. त्यांचं चुकत नव्हतं. आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी तेव्हा दोन गोष्टी समजावल्या, त्या सगळ्यांच्याच उपयोगाच्या आहेत. एक म्हणजे, खारं पाणी स्लॅबमध्ये मुरलं तर त्यातला क्लोराइड सळईवरचं संरक्षक आवरण मोडतो आणि आतून गंज सुरू होतो. नुसता रंग मारून ते झाकता येत नाही. दुसरी गोष्ट वजनाची. काच, पाणी, दगड, सम्प आणि स्टँड मिळून माझं प्रकरण सव्वासहाशे किलोच्या आसपास जातं, आणि ते पाऊण चौरस मीटरच्याही आत उभं आहे. राहत्या घराची जमीन धरली जाते दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोच्या हिशेबाने. खोलीभर तो हिशेब पसरून धरलेला असतो हे खरं, पण टाकीखालच्या तेवढ्या जागेवर भार चौपटीच्या वर जातो. म्हणून अशी टाकी खोलीच्या मध्यावर कधीच नको. भिंतीलगत, बीमच्या वर, आणि इंजिनिअरने प्रत्यक्ष बघून लिहून दिल्यावरच. माझी टाकी नशिबाने बीमवर होती. नशिबाने, म्हणजे तिथे सोफा मावत नव्हता म्हणून.

सभेने चार अटी घातल्या. इंजिनिअरचं पत्र; टाकीखाली वॉटरप्रूफिंग आणि काठ असलेला ट्रे; एक किल्ली शेजाऱ्यांकडे; आणि दर महिन्याला चाचणी. त्या ठरावामुळे माझी टाकी वाचली, आणि खरं सांगायचं तर सुधारलीही. मी पाणी बाहेर काढलं, फरशा उखडल्या आणि सगळं कागदावरून पुन्हा सुरू केलं.

या वेळी वहीत एकच प्रश्न वर लिहिला: बिघडलं तर पाणी कुठे जाईल? प्रत्येक वस्तूपुढे तो विचारायचा. पंप थांबला तर? नळाचं तोंड आता पातळीखाली फक्त तीन सेंटिमीटरवर आहे. तीन गुणिले ७.२ म्हणजे बावीस लिटर, खोक्याचे आणि नळाचे मिळून बारा, एकूण ३४. जागा ७३. बाकी ३९ शिल्लक, आणि शिल्लक कधी खर्च करायची नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मी काढूनच टाकला. तो असला की माणूस बेरीज करत नाही.

वीज गेली तर? एक बारा वॅटचा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आहे. पाणी हललं की हवा मिळते. मोठा पंप इन्व्हर्टरवर नाही, बॅटरी त्यातच संपते. विजेची बटणं पाण्याच्या पातळीच्या वर, वायर आधी खाली झोळ देऊन मग प्लगकडे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून ठिबकतं, प्लगमध्ये जात नाही. आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. खारं पाणी आणि वीज यांच्या बाबतीत काटकसर करू नका.

बाष्पीभवन झालं तर? उन्हाळ्यात पाणी २७ अंशाच्या खाली ठेवायला पंखे लावतो, मग रोज पाच-सहा लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. ते काम फ्लोट आणि छोटी मोटर आपोआप करतात. पण ती मोटर वीस लिटरच्या कॅनला जोडलेली आहे, नळाला नाही. फ्लोट अडकला तर जास्तीत जास्त वीस लिटर येतील, आणि सम्पमध्ये ते मावतात. आरओच्या नळाला थेट जोडलेला फ्लोट अडकला, तर सोसायटीची वरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी थांबणार नाही.

गाळणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जेवण तयार आहे असा वास येतोय. सम्पचे तीन कप्पे आहेत. पहिल्यात कापसासारखा फ्लॉस. तो दर तीन दिवसांनी बदलायचा, नाहीतर त्यात अडकलेली घाण तिथेच कुजते. गाळणी न धुणं म्हणजे केर काढून दाराआड ठेवणं.

त्याच कप्प्यात पुढे प्रोटीन स्किमर. कोल्हापूरकडच्या मंडळींनी गुऱ्हाळ बघितलंय. रस उकळताना मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. स्किमर तेच करतो, आचेऐवजी बारीक बुडबुड्यांनी. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण बुडबुड्याला चिकटून वर येते आणि कपात जमा होते. चहाच्या रंगाचं, असह्य वासाचं पाणी; पण ते कपात आलं म्हणजे टाकीत कुजायचं राहिलं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून हे जमतं. गोड्या पाण्यात हेच यंत्र असं चालत नाही. स्किमरला पाण्याची पातळी एकसारखी लागते, म्हणून त्याच्या पुढे काचेची आडवी भिंत असते.

दुसऱ्या कप्प्यात चेटो नावाचं शेवाळ, भांडी घासायच्या काथ्यासारखं दिसणारं. तिथला दिवा रात्री लागतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, दगडावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे शेवाळ खातं. महिन्यातून एकदा मूठभर शेवाळ काढून टाकलं की तेवढी घाण घराबाहेर गेली. तिसरा कप्पा पंपाचा. पण खरी गाळणी म्हणजे ते जिवाणू, आणि ते दुकानातून आणून लगेच चालू होत नाहीत. कोरड्या दगडावर त्यांची वस्ती व्हायला माझ्याकडे पाच आठवडे लागले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकीत एकही मासा नव्हता. घरी येणारे विचारायचे, "मासे कुठायत?" मी म्हणायचो, "जिवाणू आहेत." लोक चहा न घेता जायचे.

पाणी आरओ आणि डीआयचं, टीडीएस शून्य. त्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने समुद्री मीठ, पहिल्या भरणीला चौदा किलो. एक बादली शुद्ध पाण्यामागे दोन-तीन बादल्या पाणी वाया जातं, हा आक्षेप सभेत आला होता, आणि तो बरोबर होता. ते पाणी आता आमच्या घरी लादी पुसायला आणि संडासात वापरतात. दर पंधरवड्याला मी चाळीस लिटर खारं पाणी बदलतो. ते बाथरूमच्या मोरीत जातं. झाडांना नाही. आता रौप्यमहोत्सव आहे, सगळे आनंदात आहेत, म्हणून आणखी एक कबुली देतो. २०१५ च्या डिसेंबरात गेटजवळचं मेंदीचं कुंपण वाळलं आणि आपण सगळ्यांनी माळी काकांना दोष दिला. माळी काका, ते मी. पाणी वाया जाऊ नये म्हणून पहिल्या दोन-तीन वेळचं जुनं पाणी मी तिथे ओतलं होतं. माफ करा. नव्या रोपांचे पैसे मी नंतर 'देणगी' म्हणून दिले होते. खजिनदारांनी ती नोंद दुरुस्त करून घ्यावी.

शेवटचं. चौथी अट अजून चालू आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला मी टाकीचा मेन स्विच बंद करतो. सम्पच्या काचेवर लाल मार्करने रेघ मारली आहे, पाणी तिच्यावर चढता कामा नये. चार-पाच मिनिटं पाणी उतरत राहतं, मग नळात हवा शिरल्याचा एक गुळगुळ आवाज येतो आणि सगळं थांबतं. तेवढा वेळ काकू खाली पुढच्या खोलीत खुर्ची टाकून छताकडे बघत बसतात. मग त्यांचा फोन येतो. "कोरडं आहे." एवढंच बोलून ठेवतात. माझ्या घराची किल्लीही त्यांच्याकडेच आहे. आम्ही गावाला गेलो की माशांना खायला त्याच घालतात, आणि मी सांगितल्यापेक्षा जास्त घालतात, ते मला स्किमरच्या कपावरून कळतं.

ज्यांना टाकी बघायची आहे त्यांनी पहिल्या रविवारी अकराला यावं. आवाज ऐकायला मिळेल. आणि ज्यांना स्वतः टाकी करायची आहे, त्यांनी मासे निवडायच्या आधी वही घेऊन यावं. बेरीज आपण दोघं मिळून करू.